तज्ज्ञ-परीक्षणाची बंद दप्तरे

संशोधन-अनुदानाच्या अर्जांचे समव्यावसायिक तज्ज्ञांकडून होणारे परीक्षण बहुधा गोपनीय असते. त्यामुळे या पद्धतीचा इतिहास तिच्या समर्थकांच्या कथनावरच विसंबून राहतो. स्वीडनमध्ये मात्र ही दप्तरे उघडली. क्रिस्टीन वेनेरोस व आग्नेस वोल्ड यांनी तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेकडे १९९५च्या गुणांकनाची कागदपत्रे मागितली. परिषदेने नकार दिला. न्यायालयाने ती सार्वजनिक दस्तऐवज ठरवली. (या अधिकाराचे मूळ तेथील १७६६च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यात आहे.)

पीएच.डी.नंतरच्या २० पाठ्यवृत्तींसाठी ११४ अर्ज होते, त्यांत ५२ स्त्रियांचे. निवड झाली चौघींची. ‘नेचर’मधील १९९७च्या त्यांच्या लेखानुसार वैज्ञानिक क्षमतेचे पुरुषाइतके गुण मिळवण्यास स्त्रीचे प्रकाशित कार्य सुमारे अडीचपट असावे लागे. माझ्या मते याहून सूचक निष्कर्ष दुसरा आहे. समिती-सदस्याशी संबंधित अर्ज त्या सदस्याला तपासता येत नसे. तरीही उरलेले, तटस्थ मानले गेलेले परीक्षकच अशा अर्जदाराला अधिक गुण देत. संहितेआधी नाव वाचले जाते, हे वाङ्मयाभ्यासकांना अपरिचित नाही. २००४च्या स्वीडिश अर्जांवरील, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरअभ्यासात स्त्रियांविरुद्धचा कल आढळला नाही. संबंधांचा लाभ मात्र तसाच आढळला.