तळटीप १७ : वैनगंगेवरची तार

१७. येथील उल्लेख २६ एप्रिल २०१७ च्या अपघाताचा आहे. बिरसी (ता. गोंदिया) येथील दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर आता वैमानिक घडवले जातात. तेथून उडालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशच्या सीमेवर वैनगंगेच्या पात्रावरून ओढलेल्या तारेला धडकून कोसळले. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही दगावले. (१८ मार्च २०२३ रोजी बालाघाटच्या डोंगराळ भागात झालेला अपघात वेगळा; ते विमानही बिरसीचेच.) अशी तार वरून सहसा दिसत नाही : खांब काठच्या झाडीत दडतात, बारीक तार पाण्याच्या पार्श्वभूमीवर हरवते. विमानांच्या आपसातील टकरींवर उपाय निघाला आहे : चरखी दादरीजवळ १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानांच्या टकरीत ३४९ जण ठार झाले. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. मात्र ही यंत्रणा दुसऱ्या विमानातील उपकरणाचा संदेश टिपते. तारेकडून असा कोणताच संदेश येत नाही. तिथे किमान उंचीचा नियम पाळणे, हाच बचाव. – संपा.