अकरा आणि आठ

मुलीनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा माझा जुना डेस्कटॉप भंगारात काढायचा, हे घरात ठरूनच गेलं होतं. माझ्याकडचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०८० टीआय, २०१७चं. तिचं आरटीएक्स ४०६०, २०२३चं. जुनं ते गेलं, इतका साधा हिशेब. तो तसा नाही, हे आकडे मांडल्यावर कळलं.

आधी नावांचा इतिहास. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डामागे ‘एम’ लागे, उदाहरणार्थ ९८०एम. २०१६च्या पास्कल पिढीत एनव्हिडियानं तो काढला. तेव्हा ते रास्तही होतं, कारण लॅपटॉपच्या १०८०मध्ये डेस्कटॉपइतकेच २५६० कोअर होते. पुढे नाव सारखं राहिलं, चिप मात्र बदलली. डेस्कटॉपच्या ४०९०मध्ये १६,३८४ कोअर, लॅपटॉपच्या ४०९०मध्ये ९,७२८!

आता आमच्या घरातली जोडी. माझं कार्ड २५० वॉट खातं. तिचं, लॅपटॉप बनवणाऱ्यानं मुभा दिली तितकंच, ३५ ते ११५ वॉट. पूर्ण वीज मिळाली तर ते माझ्या कार्डाला सहज गाठतं. शिवाय प्रकाशकिरणांच्या गणितासाठी त्यात खास कोअर आहेत, माझ्यात नाहीत. ही प्रगती मी मानतो.

पण माझ्याकडे मेमरी ११ जीबी, तिच्याकडे ८. परवा ब्लेंडरमधला तिचा प्रोजेक्ट ८ जीबीत मावेना. रात्री उशिरा ती पेन ड्राइव्ह घेऊन आली.

“बाबा, तुमचा डबा चालू आहे ना?”

भंगारवाल्याला मी अजून फोन केलेला नाही.