खांदेरीचा खडक

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी व उंदेरी ही दोन खडकाळ बेटे आहेत. मुंबईत आश्रय घेणाऱ्या जंजिरेकर सिद्दीवर नजर राहावी म्हणून १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याकरवी खांदेरीवर तटबंदी आरंभिली. बेट मुंबईबरोबरच आपणांस मिळाले, असा इंग्रजांचा दावा होता. त्यांनी गलबतांचा पहारा बसविला. तरी चपळ मराठी होड्या रात्री रसद पोहोचवीतच राहिल्या. ऑक्टोबरातील झुंजीत दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचे ‘डोव्ह’ गुराब पकडले. १६८० च्या आरंभी सिद्दीने उंदेरी बळकावली; इंग्रजांनी मात्र तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. श्रोतेहो, वाद खडकाचा नव्हता. बंदराच्या दारावर पहारा कोणाचा, याचा होता. तेथे कागदावरील हक्कापेक्षा रात्रीची रसदच बलवत्तर ठरली.