एक काच, दोन गावे : याब्लोनेत्सची कहाणी

१/७
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात येणाऱ्या विलायती काचेच्या बांगड्यांत बोहेमियातील एका छोट्या गावाच्या मालाचा मोठा वाटा होता. चेक भाषेत त्याचे नाव याब्लोनेत्स, जर्मनमध्ये गाब्लोन्त्स.

२/७
आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेस, नीसा नदीकाठी हे गाव वसले आहे. भोवतालच्या अरण्याने भट्ट्यांना सरपण दिले आणि लाकडाच्या राखेतून काचेसाठी पोटॅश मिळाले. सोळाव्या शतकात येथे काचकाम रुजले. १८६६ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला.

३/७
हा धंदा एका छपराखाली चालत नसे. मोठ्या भट्टीत काचेच्या कांड्या तयार होत. खेड्यापाड्यांतील कारागीर त्या तापवून साच्याच्या चिमट्यात दाबत आणि मणी पाडत. पैलू पाडणारे, मुलामा देणारे, ओवणारे हात वेगळे. अखेरीस निर्यातदार तो माल जगभर धाडत. संपूर्ण हुन्नर कोणा एकापाशी नव्हता. तो साऱ्या पंचक्रोशीत वाटलेला होता.

४/७
गावातील बहुसंख्य लोक जर्मनभाषक होते. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा प्रदेश हिटलरच्या जर्मनीत गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये येथील सिनेगॉग नष्ट करण्यात आले. ज्यू रहिवाशांना गावात थारा उरला नाही.

५/७
१९४५ मध्ये युद्ध संपले आणि चक्र उलटे फिरले. चेकोस्लोव्हाकियाने सुमारे ३० लाख जर्मनभाषकांना देशाबाहेर घालवले. गाब्लोन्त्सच्या कारागिरांना घरे, भट्ट्या, साचे मागे टाकून मोजक्या सामानासह निघावे लागले. मात्र उद्योग बंद पडू नये म्हणून काही कुशल कारागिरांना सरकारने थांबवून घेतले.

६/७
बव्हेरियात कौफबॉयरन शहराजवळ युद्धकालीन दारूगोळा कारखान्याचे भग्नावशेष होते. १९४६ पासून तेथे निर्वासितांनी नवी वसाहत उभारली : नॉयगाब्लोन्त्स, म्हणजे ‘नवे गाब्लोन्त्स’. इकडे याब्लोनेत्समध्ये नव्याने आलेल्या चेक रहिवाशांनी मागे राहिलेल्यांसोबत काम पुढे चालवले. उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले.

७/७
अशा रीतीने एका गावाचा हुन्नर दोन देशांत विभागला गेला. राज्यकर्त्यांनी माणसे आधी वंशावरून, मग भाषेवरून वेगळी काढली. यंत्रे आणि साचे जप्त करता आले. काच नेमकी कधी दाबावी हे ओळखणारा हात मात्र जप्त करता येत नव्हता. म्हणूनच काहींना हाकलणाऱ्या सरकारला त्यांच्याच शेजाऱ्यांना अडवून ठेवावे लागले.