ना. म. जोशी : पगाराची तारीख आणि मतदार नसलेल्यांचा सदस्य

दस्मान (कुवेत) : कुवेतमधील खासगी क्षेत्राला लागू असलेल्या २०१० च्या सहाव्या क्रमांकाच्या कामगार कायद्यानुसार मासिक वेतन महिन्यातून किमान एकदा द्यावे लागते आणि देय तारखेनंतर सात दिवसांहून अधिक काळ ते रोखता येत नाही. दस्मान-शर्क परिसरातील कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी अभियंत्याला वा लेखापालाला हे कलम उघडून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. भारतात अशीच सात दिवसांची मर्यादा १९३६ मध्ये कायद्यात आली. तिच्यापर्यंतचा रस्ता तयार करणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी हे नाव अग्रभागी आहे. मुंबईकरांना ते बहुधा लोअर परळच्या रस्त्याच्या पाटीवरूनच ठाऊक असते.

जोशींचा जन्म १८७९ मध्ये तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्यातील शिक्षण आणि काही वर्षांची शिक्षकी यांनंतर १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावाशी त्यांचा संबंध जडला तो या कामातून. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि पुढच्याच वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत सहभागी झाले.

१९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले, मात्र निवडून आलेले सदस्य म्हणून नव्हे. मताधिकार मालमत्ता व कर यांच्या निकषावर बेतलेला असल्यामुळे गिरणी कामगार मतदारच नव्हता. म्हणून कामगारांच्या वतीने बोलण्यासाठी सरकारने जोशींची नियुक्ती केली. ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांनी पाठवलेले नाही आणि ज्यांनी नेमले त्यांच्याच धोरणावर टीका करायची, असे हे अवघड आसन होते. डाव्या कामगार नेत्यांना जोशी मवाळ वाटत, आणि ते मवाळ होतेच. १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली तेव्हा ते बाहेर पडले. पण कायद्याचा मसुदा कलमागणिक तपासण्याची चिकाटी त्या काळच्या फार थोड्या सदस्यांपाशी होती.

पहिला प्रश्न संघटनेच्या हक्काचा होता. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्समधील तंट्यात उच्च न्यायालयाने मद्रास लेबर युनियनच्या नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला. संप घडवला म्हणून युनियनच नुकसानभरपाईच्या दाव्यात सापडू शकते, हे तेव्हा उघड झाले. १९२१ मध्ये जोशींनी कामगार संघटनांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव कायदेमंडळात मांडला. कायदा झाला १९२६ मध्ये. नोंदणीकृत संघटनेला त्याने दिवाणी दाव्यांपासून व कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले. मालकाने संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती, ही उणीव पुढे दीर्घकाळ सलत राहिली.

दरम्यान, १९२३ मध्ये अपघात भरपाईचा कायदा झाला होता. १९२४ मध्ये जोशींनी मांडलेले मातृत्व लाभाचे खासगी विधेयक मात्र फेटाळले गेले. ते काम १९२९ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःच्या कायद्याने केले. अखिल भारतीय कायद्याला १९६१ उजाडले.

वेतनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास होई. म्हणजे नव्याने लागलेल्या कामगाराला सहा आठवडे वाणी, खोलीमालक आणि सावकार यांच्या उधारीवर काढावे लागत, आणि एकदा जडलेले कर्ज सहसा फिटत नसे. शिवाय दंड होताच. कापडात खोट निघाली की ते विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. पगाराचा आकडा कागदावर काहीही असो, हातात काय व केव्हा पडेल हे मालक आणि जॉबर ठरवत.

१९२५ मध्ये दिवाण चमनलाल यांनी आठवड्याच्या पगाराचे विधेयक आणले, पण ते तडीस गेले नाही. पुढे १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगात जोशी आणि चमनलाल दोघेही होते. त्याच टेबलाभोवती गिरणीमालक व्हिक्टर ससून आणि घनश्यामदास बिर्लाही बसत. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्याच्या शिफारशींतून १९३६ चा वेतन प्रदान कायदा जन्मला.

विधेयक सरकारी होते. त्याचे श्रेय एकट्या जोशींना देणे इतिहासाला धरून होणार नाही. कायद्यातील आकडे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वेतनाचा काळ एक महिन्याहून अधिक नसावा. हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी सातव्या दिवसापूर्वी, इतरत्र दहाव्या दिवसापूर्वी पगार व्हावा. दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा, म्हणजे सुमारे तीन टक्के. पंधरा वर्षांखालील मुलांना दंड नाही. आणि वेतन चलनातच द्यायचे, कापडात नव्हे. दहा दिवसांची सवलत अर्थातच मोठ्या गिरण्यांना मिळाली.

मतदार नसलेल्यांसाठी कायदा करण्याचा प्रश्न आखातात वेगळ्या रूपाने दिसतो. कुवेतमधील परदेशी कामगाराला मत नाही आणि २०१० चा कायदा घरकामगारांना लागू नाही. त्यांच्यासाठी कुवेतच्या राष्ट्रीय सभेने २०१५ मध्ये ६८ व्या क्रमांकाचा कायदा संमत केला. त्याने आठवड्याची सुट्टी आणि वार्षिक पगारी रजा दिली. पगार थकला तर विलंबाच्या प्रत्येक महिन्यासाठी दहा दिनारही ठेवले. २०१६ मध्ये किमान वेतन ६० दिनार ठरले. मे २०२४ मध्ये अमीरांनी ती सभा विसर्जित केली. कायदा मात्र कायम आहे.

जोशी ३० मे १९५५ रोजी निवर्तले. १९३६ चा कायदा आता भारताच्या २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मासिक पगाराला पुढील महिन्याचा सातवा दिवस ही मर्यादा तिच्यातही आहे. मोठ्या आस्थापनांची दहा दिवसांची सवलत तेवढी गेली.