ऑनलाइन विक्री करताना शिपिंग चार्ज कसा ठरवायचा? फ्री, फ्लॅट की वजनानुसार?

इन्स्टाग्रामवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर काही विकायला सुरुवात केली की फोटो, किंमत, पेमेंट लिंक हे सगळं पटापट जमतं. हात थांबतो तो एका रकान्यापाशी: शिपिंग किती लावू?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या ताईचा साताऱ्यात आकाशकंदील, तोरणं आणि पणत्यांचा घरगुती व्यवसाय आहे. तिची वेबसाइट मी बनवून दिली तेव्हा हा रकाना मी अर्ध्या मिनिटात भरला. 'फ्री शिपिंग'वर टिक केलं, झालं. त्या दिवाळीला ऑर्डर भरपूर आल्या. शिपिंगच्या वॉलेटमधून पैसे कापले जात होते, पण पॅकिंगच्या गडबडीत तिकडे कोणी बघितलं नाही. भाऊबीजेला ताईने हिशोब माझ्यासमोर ठेवला. "अरे, साडेचारशेचा कंदील पाठवायला पाचशे रुपये गेलेत. ओवाळणी मला द्यायची असते, कुरिअरवाल्याला नाही!"

तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला. तुम्ही अशी चूक करू नये म्हणून हा लेख. (तुम्ही फक्त मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर तिथे शिपिंगचे नियम प्लॅटफॉर्म ठरवतो. इथली माहिती स्वतःची वेबसाइट, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून विकणाऱ्यांसाठी आहे.)

कुरिअर कंपनी नेमके कशाचे पैसे घेते?

वजनाचे, असं आपल्याला वाटतं. पण गाडीत जागाही लागते, म्हणून कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं खरं वजन आणि दुसरं व्हॉल्यूमेट्रिक वजन, म्हणजे खोक्याच्या आकारावरून काढलेलं. दोन्हींत जे जास्त, त्याचं बिल लागतं. सूत्र सोपं आहे: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ५००० ने भागा, की किलो मिळतात. काही कंपन्या ५००० पेक्षा लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन आणखी वाढतं. करार करताना हा आकडा आधी विचारा.

आता ताईचा कंदील बघा. खरं वजन ६०० ग्रॅम. खोकं ३० × ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे २७,००० भागिले ५००० = ५.४ किलो! दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतात, म्हणून बिल ५.५ किलोचं. आमच्या रेटकार्डवर राज्यातल्या राज्यात पहिल्या अर्ध्या किलोला ४५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३८ रुपये होते. ४५ अधिक ३८० म्हणजे ४२५, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ५०१ रुपये ५० पैसे.

यावर शिपिंग चार्ज वाढवणं हा उपाय नव्हता, कारण कंदिलावर ५०० रुपये शिपिंग कोण देणार? उपाय ताईने शोधला, मी नाही. तिने घडीचा कंदील बनवला. चपटं खोकं ४० × ३० × ५, म्हणजे १.२ किलो, बिल १.५ किलोचं: जीएसटीसह साधारण १४३ रुपये. म्हणून चार्ज ठरवायच्या आधी खोकं लहान करता येतं का ते बघा. पणत्यांचं उलट असतं. त्या लहान खोक्यात मावतात पण वजनदार असतात, तिथे काट्यावरचं वजनच लागू होतं.

अंतर आणि पिनकोड

दुसरा भाग झोनचा. साधारणपणे शहरातल्या शहरात, राज्यात किंवा जवळच्या भागात, मेट्रो ते मेट्रो, उरलेला भारत, आणि ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर असे टप्पे असतात. शेवटचा सगळ्यात महाग. हे सगळं पिनकोडवरून ठरतं. जाता जाता, आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभाग सांगतो. ४ ने सुरू होणारे पिन महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे. त्यातले ४० ते ४४ महाराष्ट्र-गोव्याचे, आणि ४०३ म्हणजे गोवा. ही माहिती पुढे सेटिंग करताना कामाला येते.

परत आलेलं पार्सल

खरा खड्डा इथे आहे. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर येते, आपण पाठवतो, ग्राहक फोन उचलत नाही किंवा दारात नको म्हणतो. पार्सल परत येतं. याला आरटीओ म्हणतात (गाडीच्या लायसन्सवाला आरटीओ नाही!). यात जाण्याचे पैसे गेलेलेच असतात, वर परतीचेही लागतात.

समजा १० ऑर्डर पाठवल्या आणि २ परत आल्या. जाण्याचे १० × १४३ = १४३०, परतीचे २ × १४३ = २८६. एकूण १७१६ रुपये. पण विक्री झाली आठच कंदिलांची. म्हणजे एका विकलेल्या कंदिलामागे शिपिंग २१४ रुपये ५० पैसे पडलं. कॅश ऑन डिलिव्हरीची फी आणि खोकं-टेपचे २५ रुपये यात धरलेलेच नाहीत. म्हणून कॅश ऑन डिलिव्हरीला वेगळा चार्ज लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही ५० रुपये लावतो. पाठवण्याआधी ताई फोन करून पत्ताही पक्का करून घेते.

मग कोणती पद्धत घ्यायची?

फ्री शिपिंग म्हणजे शिपिंग किमतीत मिसळणं. वस्तू लहान, हलकी आणि महाग असेल, उदाहरणार्थ चांदीची नथ, तर हे बेस्ट. स्वस्त आणि मोठ्या वस्तूला नाही, कारण साताऱ्यातला ग्राहक गुवाहाटीच्या ग्राहकाचं शिपिंग भरत बसतो आणि किंमत बघून निघून जातो.

वजनानुसार लाइव्ह रेट, म्हणजे ग्राहकाने पिनकोड टाकला की कुरिअरच्या सर्व्हरवरून दर येतो. ऐकायला भारी वाटतं आणि इंजिनिअर म्हणून मलाही हेच करायचं होतं. पण प्रत्येक वस्तूचं वजन आणि माप बरोबर भरलेलं नसेल तर दर चुकतो. सर्व्हर बंद पडला तर ऐन दिवाळीत चेकआउट अडकतो. दहा-बारा वस्तूंच्या दुकानाला याची गरज नाही. पुस्तकं, धान्य, लाकडी खेळणी असं कमी-जास्त वजनाचं सामान असेल तर मात्र हीच पद्धत घ्या.

बहुतेक छोट्या विक्रेत्यांना मी फ्लॅट रेट आणि त्याच्यावर एका रकमेनंतर फ्री, असं सांगेन. ही रक्कम मनाने टाकू नका. आम्ही ती अशी काढली: कंदील ४७५ ला केला, त्यात साहित्य आणि मजुरी जाऊन २०५ उरतात. महाराष्ट्र-गोव्यात शिपिंग ८० रुपये. एका कंदिलाला २०५ अधिक ८०, वजा शिपिंग १४३, वजा पॅकिंग २५, उरले ११७. दोन कंदील एकाच खोक्यात (४० × ३० × ९) गेले तर बिल २.५ किलोचं, सुमारे २३२ रुपये. शिपिंग फ्री दिलं तरी ४१० वजा २३२ वजा २५, उरतात १५३. म्हणून ८९९ च्या वर फ्री. ग्राहकाचे ८० वाचतात आणि ताईला एका ऑर्डरमागे जास्त मिळतात. हा हिशोब जुळत नसेल तर फ्रीची रक्कम वर न्या. उरलेल्या भारतासाठी आम्ही १३० फ्लॅट ठेवलं आणि तिथे फ्री ठेवलंच नाही.

साताऱ्यातल्यांसाठी 'घरून घेऊन जा' हा पर्याय चालू ठेवला. त्यातून चहाचा खर्च वाढला, पण तो वेगळा विषय.

वू-कॉमर्समध्ये सेटिंग करताना

शिपिंग झोन बनवताना क्रम महत्त्वाचा. ग्राहकाचा पत्ता वरून खाली तपासला जातो आणि जो पहिला झोन जुळतो तोच लागतो. म्हणून सातारा शहराचे पिन सगळ्यात वर, मग महाराष्ट्र-गोवा, मग भारत. मी भारत वर ठेवला होता, त्यामुळे शेजारच्या काकूंनाही १३० दिसत होते.

दुसरं, फ्री शिपिंगची किमान रक्कम कूपनची सूट वजा करून मोजली जाते. सूट धरण्याआधीच्या रकमेवर मोजायची असेल तर त्याच सेटिंगमध्ये टिक करायची सोय आहे.

चार्ज कुठे दाखवायचा?

वस्तूच्या पानावरच. पेमेंटच्या शेवटच्या पायरीवर अचानक ८० रुपये वाढले की ग्राहक चिडतो, आणि ते नियमात बसणारंही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार एकूण किंमत आणि त्यात डिलिव्हरीसारखे सक्तीचे चार्ज किती ते वेगळं दाखवावं लागतं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ प्रकार दिलेत, त्यात किंमत अशी टप्प्याटप्प्याने उघड करणं, म्हणजे ड्रिप प्रायसिंग, आहे. इन्स्टाग्रामवर 'प्राइस इन डीएम' लिहिणाऱ्यांनीही निदान डीएममध्ये पहिल्याच उत्तरात शिपिंगसह आकडा द्यावा.

जीएसटी नंबर असेल तर ग्राहकाकडून घेतलेलं शिपिंग मालाच्या किमतीतच धरलं जातं आणि त्यावर मालाच्याच दराने कर लागतो. बिलात ते ८० रुपये कराबाहेर ठेवू नका.

आणि कुरिअरचं वॉलेट रोज रात्री बघा. कंपनीच्या मशीनने खोकं मोठं मोजलं तर जादा पैसे कापले जातात आणि तक्रार करायला मोजकेच दिवस असतात. ताई आता प्रत्येक पार्सलचा फोटो काट्यावर ठेवून आणि शेजारी मोजपट्टी लावून काढते. मागच्या सीझनला अशा चार कापलेल्या रकमा त्या फोटोंवरच परत मिळाल्या.