साटा, चासी आणि नंबर

पिकअपची चासी गंजली म्हणजे गाडी संपली असं नाही. बैलगाडीचा साटा कुजला तर आपले आजोबा चाकं, आस, जू तसंच ठेवून साटा तेवढा नवा करून घ्यायचे. पिकअपचंही तसं जमतं, आणि त्यामागे इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज जीप निघाली. खाली शिडीसारखी पोलादी चासी, वर बोल्टने आवळलेली बॉडी. मोडेल ते सोडवायचं, दुसरं चढवायचं. मुंबईत 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीने ही जीप आपल्याकडे आणली. (भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.) पुढच्या बहुतेक पिकअप, कुठल्याही कंपनीच्या असोत, तसल्याच शिडीवर उभ्या आहेत. आजच्या छोट्या मोटारीत सांगाडा आणि बॉडी एकच असते, तिथे हा उपाय नाही.

आमच्या अष्टमीकडे गंजाचं कारण शोधावं लागत नाही. चार महिने कोकणचा पाऊस, खाली कुंडलिकेच्या खाडीकडे खारपाट. खारा चिखल चासीच्या पोकळीत शिरतो आणि ओल धरून बसतो. वरून रंग चकाचक, आतून पापुद्रे. मागच्या पाट्यांचे हँगर नि आडव्या पट्ट्यांचे सांधे आधी जातात. माझ्या गाडीला तिथे हातोडी मारली, तर ठण्ण वाजायच्या ऐवजी भद्द आवाज आला. ठिगळ स्वस्त पडतं हो, पण कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, बाजूलाच तुटतं. भाताच्या पोत्यांवर माणसं बसलेली असतात, तेव्हा तुटलं तर?

आता नंबर. चासीवर कोरलेला नंबर हीच गाडीची ओळख. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा, गाडीच्या रचनेत फेरफार करायचा तर नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. आपलं एमएच 06 चं कार्यालय पेणला. ‘भंगारातली चासी आणा, नंबर ठोकून देतो’ म्हणणारे भेटतील. तसं केलं की आपलीच गाडी चोरीची दिसते, विमाही अडतो. म्हणून आधी पेणला विचारा, नव्या चासीचं पक्कं बिल घ्या, जुन्या नंबरचा पेन्सिलने कागदावर ठसा काढून ठेवा. आणि काम नोंदलं जाईपर्यंत नंबर असलेला तुकडा भंगारवाल्याला देऊ नका.